चालत्या पट्ट्यावर

हार्ट अटॅकला चार महिने झाले होते. त्याला पुन्हा बसचं स्टिअरिंग हातात हवं होतं, आणि ते मिळणार की नाही हे आज या चालत्या पट्ट्यावर ठरणार होतं. छातीला वायरी चिकटवून तो चालत होता. बायको कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स पोटाशी धरून बसली होती.

"छातीत काही वाटतंय का, काका?" पडद्यावरची नजर न काढता फिजिओने विचारलं.

"छे. वाढवा वेग. आमच्या डेपोतली सगळ्यात म्हातारी बससुद्धा याहून जोरात चढ चढते."

फिजिओ हसली. पट्ट्याचा चढ वाढला. मग त्याने डेपो मॅनेजरवर दुसरा विनोद केला. लगेच तिसरा. बायको खुर्चीत सावरून बसली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने एक ओळखलं होतं: हा माणूस बरा असला की घुमा असतो, दुखलं-खुपलं की त्याच्या जिभेला हाड उरत नाही. अटॅकच्या दिवशी ॲम्ब्युलन्समधल्या माणसांनाही त्याने हसवून बेजार केलं होतं.

बोललं तर बस चालवायचं सर्टिफिकेट हातचं जाणार. नाही बोललं तर...

ती उठली. "त्यांना दुखतंय."

"अगं, तू गप्प बस."

"थांबवा, मॅडम."

फिजिओने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "काका, खरं सांगा."

दांडा आवळलेली त्याची बोटं पांढरी पडली होती. फिजिओने वेग उतरवला. "पावलं टाकत राहा, सावकाश. एकदम थांबलात तर रक्त पायातच साठेल, चक्कर येईल." मग त्याला खुर्चीत बसवून, ब्लडप्रेशर बघून तिने जिभेखाली छातीचं दुखणं थांबवणारा स्प्रे मारला. तीन-चार मिनिटं गेली. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले.

"चालताना हृदयालाही जास्त रक्त लागतं," फिजिओ म्हणाली. "तुमच्या हृदयाच्या अरुंद झालेल्या नळीतून तेवढं पोचत नाही. आधी डॉक्टरांना भेटा. ते हो म्हणाले की दुखायच्या आतल्या वेगाने रोज चालवीन तुम्हाला. सवय झाली की तेवढ्याच कामाला हृदय कमी दमतं. पण दडवलंत तर माझ्या हातात काही नाही."

दोघं डॉक्टरांच्या दाराशी आले. बाकावर बसून शर्टाची बटणं लावता लावता तो म्हणाला, "परवा जिन्यातही दुखलं होतं."

"हे आत सांगा."

त्याने होकारार्थी मान हलवली. आतून बोलावणं आलं, तेव्हा तिच्या आधी तोच उठला.