जांगडावर आणलेलं कपाट

नाथा म्हात्र्याने ठाण्याहून कपाट आणलं, हे अख्ख्या गावाला कळायला अर्धा तासही लागला नाही. लागेल कसा? राघोच्या मचव्यातून माणसाएवढं उंच पत्र्याचं कपाट खाडीने येतंय, त्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर छत्री धरून नाथा स्वतः शेजारी बसलेला. भिजत होता तो, कपाट कोरडं होतं.

विलायतेला परत गेलेल्या कुणा साहेबाचं ते कपाट. खाली निखाऱ्यांचा खण, वर लोखंडी दांड्या, धूर जायला मागे नळी. दांड्यांवर ओले कपडे टाकायचे, दार लावायचं, अर्ध्या तासात पापडासारखे कडक. साहेबाच्या सामानाच्या लिलावात ते ठाण्याच्या भिवाशेठने उचललं होतं आणि किंमत सांगितली होती एका दुभत्या म्हशीची. नाथाने नेमके म्हशीसाठीच पैसे बाजूला ठेवलेले. शेठला गिऱ्हाईक ओळखता येत होतं. तो म्हणाला, "जांगड न्या. आठ दिवस वापरा. पटलं तर पैसे, नाही पटलं तर कपाट परत."

आता मिठागरात राबणाऱ्या माणसाला हे साहेबी खूळ कुठून लागलं, तर विहिणीमुळे.

नाथाची एकुलती एक मुलगी रतन ठाण्याला दिलेली. तिला सातवा सरून आठवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण रतनची सासू कमळाबाई अडून बसली होती, आणि खरं सांगायचं तर तिचंही काही चुकत नव्हतं. गेल्या श्रावणात ती इथे पाहुणी म्हणून आली, अंगणात घसरून पडली, लुगडं धुऊन शेगडीवर शेकलं, वलणीवर टाकलं, ते तिसऱ्या दिवशीही ओलसरच. तसंच दमट लुगडं नेसून बिचारी ठाण्याला गेली आणि आठवडाभर तापाने फणफणली. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं. त्या घरात मोठ्या माणसाचं लुगडं वाळत नाही, तिथे तान्ह्या पोराची दुपटी काय वाळणार? तरी जावई पंढरीने मध्ये पडून आईला कबूल करवलं होतं, की येत्या सोमवारी ती स्वतः जाऊन घर बघेल आणि मग काय ते ठरवेल.

म्हणजे सोमवारी विहिणीच्या हातात कोरडं दुपटं पडलं तर रतन माहेरी येणार. नाही पडलं तर नाही.

"म्हशीचे पैसे पत्र्यात घालणार तुम्ही?" नाथाची बायको तुळसा कपाटाभोवती एक फेरी मारून म्हणाली. "बाळंतिणीला दूध पायजे का कपाट?"

"पोर घरात आली तर दूध पाजशील ना?"

"माझी शेगडी नि टोपली हाय की. त्याच्यावरच वाढली तुमची पोर." शेगडीत निखारे, त्यावर पालथी बांबूची टोपली, टोपलीवर दुपटी पसरायची, वर चिमूटभर ओवा. तुळसाच्या आईनेही तसंच केलं होतं.

"ती टोपली विहीणबाईंनी बघितलेली हाय, तुळसे," नाथा म्हणाला. तुळसा दुपटी काढायला उठली.

जुन्या लुगड्यांची बारा दुपटी तिने शिवूनच ठेवली होती. ती धुऊन कपाटात टाकली. अर्ध्या तासाने नाथाने दार उघडलं आणि गरम दुपटं गालाला लावलं, तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की त्याने शेजारच्या ठमाबाईला भर पावसात हाक मारून बोलावलं. तिनेही गालाला लावलं. मग तिची सून आली. दुपारपर्यंत निम्म्या गावाचे गाल शेकून झाले होते.

आणि संध्याकाळी खुंटीवरचं तेच दुपटं मऊ पडलेलं. ओलं म्हणावं तर ओलं नाही, कोरडं म्हणावं तर बोटाला चिकटतंय.

नाथाला वाटलं, निखारे कमी पडले असतील. दुसऱ्या दिवशी त्याने खण भरून निखारे घातले. दुपटी कडक झाली, संध्याकाळी पुन्हा मऊ. तिसऱ्या दिवशी तासभर ठेवली, एक दुपटं करपून त्याला चांगलं बशीएवढं भोक पडलं. तुळसाने त्या भोकातून नाथाकडे बघत विचारलं, "हे पोराला कुठून घालायचा?" नाथाला हसू आलं नाही. एरवी बायकोच्या थट्टेवर पोट धरून हसणारा माणूस तो, पण सोमवार जवळ येत चालला होता. एवढं महागाचं विलायती कपाट हरलं, तर आपली टोपली कुठून जिंकायची?

रविवारी सकाळी मिठागरावरून निरोप आला, की मिठाच्या राशीवरचं गवत वाऱ्याने उडालंय. नाथा गेला, गवत पुन्हा नीट शाकारलं, उघड्या पडलेल्या मिठात हात घालून बघितला. त्याला पाणी सुटलेलं. पाऊस थेट लागला नव्हता तिथेही सुटलेलं, कारण पावसाळी हवेतला ओलावा मीठ आपणहून ओढून घेतं. हे नाथाला कुणी शिकवायची गरज नव्हती. मिठागरात त्याच्या जिभेला मान होता. खडा जिभेवर ठेवून तो कुठल्या वाफ्यातलं मीठ ते सांगायचा आणि मुकादम त्यावर वाद घालत नसे.

घरी येऊन त्याने हात पुसायला म्हणून खुंटीवरचं दुपटं ओढलं आणि तसाच उभा राहिला. बोटांना तेच लागत होतं. मघाशी राशीत लागलं, तेच.

त्याने दुपट्याचं टोक तोंडात घातलं.

"काय झालं?" तुळसाने चुलीपासून विचारलं. "भूक लागली का?"

"तुळसे, खारट हाय."

"मग असणारच. खाऱ्या विहिरीचं पानी."

दारची विहीर खारी, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक. प्यायचं पाणी लांबच्या गोड्या विहिरीवरून यायचं, धुणं मात्र दारच्या पाण्यात. लग्न झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तुळसाने विचारलं होतं, दोन हंडे जास्त आणून लुगडी तरी गोड्या पाण्यात काढू का? तेव्हा नाथा हसून म्हणाला होता, "कपड्याला काय तहान लागते?" ते त्याला आत्ता आठवलं आणि चेहरा गरम झाला. आयुष्यभर मीठ चाखणाऱ्या माणसाच्या घरात मीठच वाळत घातलं जात होतं, आणि त्याने कधी जीभ लावली नव्हती.

बाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या. नाथाने घरातले सगळे हंडे, घागरी, काथवट, होतं नव्हतं ते पागोळ्यांखाली मांडलं. मग धोतर खोचून स्वतः दुपटी त्या पाण्यात दोनदा पिळून काढली. तुळसा नको नको म्हणत होती, तो ऐकेना. सहा दुपटी कपाटात टाकली, पाच टोपलीवर. टोपलीवरच्यांना वेळ लागला, कपाटातली झटकन झाली, एवढाच फरक. संध्याकाळी अकराही खुंट्यांवर टांगली, आणि सकाळी उठून आधी त्यांनाच हात लावला. सगळी कोरडी, हलकी. कपाटातलं कुठलं नि टोपलीवरचं कुठलं, त्यालाही सांगता येईना.

सोमवारी कमळाबाई आली ती गुडघ्यापर्यंत भिजूनच. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिची नजर कपाटावर गेली.

"यो काय आणलात, व्याहीबुवा?"

"जांगडावर आणलाय. परत जाणार हाय," नाथा म्हणाला. हे त्याने त्याच क्षणी ठरवलं. "तुम्ही आधी दुपटी बघा."

कमळाबाईने एकेक दुपटं चुरून बघितलं, हुंगलं, गालाला लावलं. मग ती आत गेली, तुळसाचं जुनं पातळ गुंडाळून आली आणि स्वतःचं भिजलेलं लुगडं तुळसाच्या हातात दिलं. जाताना हेच नेसून जाईन, म्हणाली. म्हणजे खरी परीक्षा पुढेच होती.

तुळसाने लुगडं पागोळीच्या पाण्यात काढलं आणि टोपलीवर हातहातभर सरकवत दुपारपर्यंत वाळवलं. मग मुद्दाम खुंटीवर टांगलं. मधल्या वेळात जेवणं झाली, पण नाथाला बोंबलाची चव कळली नाही. निघताना कमळाबाईने लुगडं नेसलं, निऱ्या केल्या, पदर मुठीत धरून चुरून बघितला.

"पोरीला बुधवारी न्यायला या," ती म्हणाली. "नि मना ते शेगडीचं नीट सांगा. आमच्याकडेपण पुढे लागंल."

मंगळवारी नाथाने कपाट मचव्यात घातलं. भिवाशेठने चारी बाजूंनी बघितलं आणि खोट काय निघाली म्हणून विचारलं.

"कपाटात खोट नाय, शेठ. चांगला हाय. आम्हालाच नको."

येताना त्याने पागोळ्यांसाठी पत्र्याची लांब पन्हळ आणली, आणि म्हशीचं बोलणं करून आला.

घरी पोचला तेव्हा तुळसा पडवीत उभी होती. काल उरलेल्या पागोळीच्या पाण्यात तिने स्वतःचं लुगडं काढलं होतं आणि आता नेसली होती. ती पदर बोटांत धरून चाचपत होती, पुन्हा पुन्हा, नवीन घेतल्यासारखा. नाथाला बघून जरा लाजली.

"मना वाटायचा," ती म्हणाली, "पावसाळ्यात लुगडं असंच असतं. सगळ्यांचंच."

लग्नाला चोवीस पावसाळे झाले होते. त्याने पन्हळ खांद्यावरून उतरवली, शिडी लावली आणि भर पावसातच ती बसवायला वर चढला.

"उद्या बसवा की," तुळसा खालून म्हणाली. "भिजताय किती."

"भिजू दे," तो म्हणाला. "तू आत जा. लुगडं ओलं होईल."

तुळसा आत गेली नाही, दारात सरकून उभी राहिली आणि त्याला खिळे देत राहिली.