अकरा कोयते, बावीस नावं

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सत्यभामाचा हात होता. परग्रहावरच्या अक्राळविक्राळ प्राण्याच्या डोळ्याखाली दाभण टोचणारा, उन्हानं रापलेला, हिरव्या बांगड्यांचा हात. आणि आतल्या पानावर त्या फोटोची ओळख छापली होती, ‘प्राण्याच्या कातडीवर काम करताना उत्तरेश्वर.’

उत्तरेश्वर म्हणजे सत्यभामाचा नवरा. बिचाऱ्यानं जन्मात दाभण धरलं नव्हतं.

“आवो, तुमी बांगड्या कवा भरल्या?” सत्यभामानं विचारलं. पारावर जमलेल्या बाया फिसकन हसल्या. उत्तरेश्वर टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

उन्हाळ्यात तलवाड्याच्या माळावर सिनेमाचं शूटिंग झालं होतं. गोष्ट कुठल्याशा दूरच्या ग्रहाची. मे महिन्यातला आपला माळ बघितल्यावर त्या लोकांना दुसरा ग्रह शोधावा लागला नाही. पण मुंबईहून आणलेली प्राण्याची रबरी कातडी दोन दिवसांत उन्हानं उसवली. सगळे डोक्याला हात लावून बसले, तेव्हा सत्यभामा पुढं झाली आणि म्हणाली, कोपी शाकारतात तसं करू. कोपी म्हणजे ऊसतोडीला गेल्यावर राहायची झोपडी. उसाच्या वाळल्या पानांचं पाचट खालून वर थरानं चढवत नेलं की पाऊससुद्धा आत येत नाही. तिनं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, पाचट भिजवून मऊ केलं आणि खवल्यांसारखं टाचत नेलं. अकरा बाया महिनाभर राबल्या. प्राणी चालायला लागला की अंगभर सळसळ व्हायची आणि दिग्दर्शक लहान पोरासारखा टाळ्या पिटायचा.

हा सिनेमा कसा घडला, याचं जाडजूड पुस्तक अंबाजोगाईचे श्रीशैल सर तयार करत होते. पुस्तक छापायला जाण्याआधी नमुन्याची पानं दाखवावीत आणि फोटोंसाठी संमतीच्या सह्या घ्याव्यात, म्हणून ते आज आले होते.

“नावं मला मुकादमांनी दिली,” सर गोंधळून म्हणाले. “अकरा कोयते म्हणून अकरा नावं.”

खरी मेख तिथंच होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं चढतं, बायको त्यात आलीच. शूटिंगला माणसं पुरवली शहादेव मुकादमानं, आणि सरांनी नावं मागितल्यावर त्यानं सवयीनं वहीतली उतरवून दिली. त्यात लबाडी काहीच नव्हती, आणि सत्यभामाला संताप आला तो त्याचाच. लबाडी करायला तरी आधी माणूस दिसावा लागतो.

“दुरुस्त करू आपण,” सर म्हणाले. “‘उत्तरेश्वर आणि पत्नी’ असं टाकू.”

“पत्नीनं न्हाई शिवलं. मी शिवलं. माझं नाव टाका. आन् ह्या दहा जणींचं बी.”

“ताई, नवऱ्यांसकट बावीस नावं घ्यायची तर दिग्दर्शकांचा फोटो लहान करावा लागेल.”

“करा की. लई मोठा हाय.”

शहादेव इतका वेळ तंबाखू मळत होता. आता तो पुढं सरकला. “ए उत्तऱ्याची, सायबाचा टाइम कावून खाती? कोयता म्हंजी दोघं, साऱ्या जगाला ठावं हाय.”

“साऱ्या जगाला न्हाई. पुण्यामुंबईत पुस्तक उघडनाऱ्याला कोयता काय ठावं?”

“दसऱ्याला टोळी भरायचीय,” शहादेव सावकाश म्हणाला. “लई बोलनाऱ्या कोयत्याला माझ्या टोळीत जागा न्हाई.”

टोळीत जागा नाही म्हणजे सहा महिने हाताला काम नाही. सत्यभामाला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण त्या कागदावर सही केली तर उरलेला जन्म उत्तऱ्याची म्हणूनच जाणार, हे तिला त्याहून जड वाटलं.

“नगा घेऊ,” ती म्हणाली. “सही मिळनार न्हाई.”

“सर, माझं नाव खोडा,” उत्तरेश्वर मध्येच बोलला. “मी नुस्तं पाचट वाहिलं.”

मग अकरा जणींतल्या, म्हातारपणाकडं झुकलेल्या छबुबाईनं सहीसाठी घेतलेला पेन खाली ठेवला. “माझी बी सही न्हाई.” तिचं बघून बाकीच्या नऊ जणींनीही माना हलवल्या.

सरांनी पानं गोळा केली. “सह्या नसतील तर कातडीचं सगळं प्रकरणच गळेल. मुकादम, तुमचा अर्ध्या पानाचा फोटोही त्यातच आहे.”

“गळू द्या,” सत्यभामा म्हणाली.

शहादेवानं अकरा बायांकडं पाहिलं. एक कोयता टोळीतून काढता येतो. अकराच्या अकरा काढले तर टोळी कसली? शिवाय पुस्तकात फोटो येणार म्हणून गावभर सांगून झालं होतं. “घ्या बावीस,” तो पुटपुटला.

“यादी मुकादमानं दिलती, सर,” सत्यभामा म्हणाली. “नवी बी त्येंनीच लिवावी.”

शहादेव पेन घेऊन बसला. अकरा गड्यांची नावं त्यानं झरझर लिहिली आणि थांबला. पंधरा हंगाम ह्या बाया त्याच्या टोळीत होत्या. उत्तऱ्याची, अजिनाथची, ह्याची, त्याची. पेन कागदावर टेकलेला तसाच राहिला. शेवटी त्यानं मान वर केली.

“तुजं नाव काय गं?” त्यानं छबुबाईला विचारलं.

छबुबाई तोंड उघडणार, तोच सत्यभामानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“नीट इचारा.”

पारावर कुणी हसलं नाही. शहादेवानं तोंडातली तंबाखू थुंकली, मिशी पुसली.

“तुमचं नाव काय?”

“छबुबाई,” ती म्हणाली. “लिवा.”