कडूबाईंची काहील

मी एक जुनी काहील आहे, मित्रांनो. काहील म्हणजे उसाचा रस उकळून गूळ करायची मोठी, पसरट, लोखंडी कढई. जन्म आगीवर बसण्यासाठी झाला आणि आयुष्य गेलं पाण्यात. आपल्या हातात काय असतं?

बेंबळीकडच्या एका गुऱ्हाळावर मी चार-सहा हंगाम काढले. मग बुडाला भोक पडलं आणि मालकानं मला बाजूला टाकलं. तिथून मला उचललं कडूबाईंनी. तेरणेवर धरण झालं आणि त्यांचं शेत पाण्यापलीकडे राहिलं. नवरा कोंडीराम आधीच वारला होता, मुलगा बजरंग पाळण्यात होता. शेत दिराला देऊन टाक, असं सगळे म्हणाले. कडूबाईंनी माझ्या भोकावर पत्र्याचं ठिगळ मारून घेतलं, डांबर लावलं आणि मला पाण्यात लोटलं.

दीर माणिकप्पा काठावर उभे होते. म्हणाले, "बाईमाणसानं पाण्यात काहील घालावी व्हय?"

"भाऊजी, पाण्याला काय ठावं, बाई हाय का बाप्या?"

पण मी पडले गोल. मला पुढं नाही, मागं नाही. बाजूनं वल्हं मारलं की मी जागच्या जागी गरगर फिरते. पहिले काही दिवस कडूबाई घाण्याच्या बैलासारख्या फिरल्या आणि काठावरचे पोट धरून हसले. मग त्यांनी रीत शोधली. बैठक मारायची, वल्हं पुढ्यात टाकायचं आणि पाणी पोटाकडे ओढायचं. ठिगळातून पाणी पाझरायचं, म्हणून डावी टाच त्यावर दाबून धरायची. ती टाच पुढं जन्मभर तिथंच राहिली.

हसणारेच मग माझ्यात बसू लागले. शाळेची पोरं, कडब्याच्या पेंढ्या, नव्या नवऱ्या. एका संध्याकाळी बजरंगच्या बायकोला कळा सुरू झाल्या. दवाखाना पलीकडे होता, पण हर्षालीला तेवढा दम कुठला! ती मध्यावरच, माझ्या कुशीत जन्मली. कडूबाईंनी वल्हं ठेवून नात झेलली, पदरात गुंडाळून सुनेकडे दिली आणि पुन्हा वल्हं उचललं. इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

मग पूल झाला. बजरंग पुलावरून शेताकडं जाऊ लागले आणि मी बाभळीखाली पालथी पडले. कोंबड्यांनी माझ्याखाली संसार थाटला. कडूबाई मात्र दर उन्हाळ्यात मला डांबर लावत. कोणी बसणार नव्हतं, तरी लावत.

यंदा त्या गेल्या. बजरंगनी भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं. मला फार भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी राख सोडायची होती. बजरंग म्हणाले, "पुलावरून सोडू."

हर्षाली आता धाराशिवला नर्स आहे. ती म्हणाली, "आबा, आज्जी कंदी पुलावरून गेली न्हाय. मरेस्तोवर गेली न्हाय."

मग बापलेकीनं मला सुलटं केलं आणि पाण्यात नेलं. बजरंगनी बाजूनं वल्हं मारलं. मी गरगर फिरले. मायच्या जिवावर आयुष्यभर बसून गेलेलं पोर, त्याला कुठून येणार?

"आबा, खाली बसा. म्होरं टाका वल्हं, अन् आपल्याकडं ओढा."

ते बसले. ठिगळातून पाणी पाझरलं, तशी त्यांनी न बघताच तिथं टाच दाबली. तिथं लोखंड झिजून खोलगट झालं होतं. टाच बरोब्बर बसली. बजरंगनी वल्हं थांबवलं आणि ते लहान मुलासारखे रडले. मध्यावर त्यांनी राख सोडली.

काठावर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता.

"जावा बाबा तुमी," बजरंग म्हणाले. "मायचा पाय हाय हितं. कसा इकू?"

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू पालथी पडली असेल. तिला जरूर विका, अडगळ कोणाला हवी असते? पण त्याआधी एकदा तिच्यात बसून बघा.