पोटरीतला गोळा

आम्ही ज्या शिखरावर जाणार होतो त्याला नाव नव्हतं. नकाशावर उंचीचा आकडा होता, तेच त्याचं नाव. हिमालयात डोंगरांची इतकी गर्दी आहे की काहींना नाव द्यायचं राहूनच गेलं असावं. रस्ता संपल्यावर आठ दिवस चालायचं, मग हिमनदी आणि मग तो आकडा. आजवर तीनच तुकड्या तिथे चढल्या होत्या. चौथीत मी असणार, हे मी कॉलेजात, शेजारीपाजारी आणि केस कापणाऱ्याला सांगून ठेवलं होतं.

मी तर्कशास्त्र शिकवतो. तर्कशास्त्राच्या बावन्न वर्षांच्या प्राध्यापकाकडे लोक सहसा कौतुकाने बघत नाहीत. त्या चार महिन्यांत बघत होते. प्राचार्यांनी फाटकाशी शुभेच्छांचा फलक लावला, त्यावर माझा ओळखपत्रावरचा फोटो. त्या फोटोमुळे मी मोहिमेवर चाललोय की तुरुंगात, हे नवख्या माणसाला कळणं कठीण होतं.

बरोबर साडू होता, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बावीस वर्षं आम्ही एकमेकांना साडूच म्हणतो. खरी नावं बायका वापरतात, तीही रागावल्यावर. तो लिफ्टची दुरुस्ती करतो. माणसं अधांतरी अडकली की त्याला फोन जातो. तो शाफ्टमध्ये उतरतो, आतल्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारत तारा तपासतो. पहाडावर जायची कल्पना त्याचीच. मी नुसता हो म्हणालो होतो, आणि मग चारचौघांत त्याच्यापेक्षा मोठ्याने हो म्हणत राहिलो.

मोहीम नेणारा वाटाड्या तीस वर्षं हेच काम करत होता. डाव्या पायाची दोन बोटं त्याने बर्फात गमावली होती. लोक हरवलेल्या छत्रीबद्दल बोलतात तितक्याच दुःखाने तो त्यांच्याबद्दल बोलायचा. टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्याची कचेरी. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिथे रबराच्या वासात बसून बेत आखायचो. माणशी रोज किती ग्रॅम कोरडा शिधा, किती ओझेवाले, पहिल्या तळावर किती दिवस नुसतं बसून राहायचं. हे शेवटचं मला चांगलं जमेल असं मी एकदा म्हणालो. कोणी हसलं नाही. आज वाटतं, त्यांना तो विनोद वाटला नसावा.

परवाना सहा जणांचा होता. वाटाड्या, त्याचा मदतनीस आणि चार गिऱ्हाइकं. दोन दोर, एकेका दोरावर तिघं. गिऱ्हाइकं मात्र आम्ही पाच होतो. साडू आणि मी, एक दातांची डॉक्टरीण, एक ग्रंथपाल आणि एक विमा विकणारा. वाटाड्या मुद्दाम एक माणूस जास्त घ्यायचा, कारण दरवेळी एक जण गळतोच. कुणाचा गुडघा आडवा येतो, कुणाचा साहेब, कुणाची बायको. यंदा कोणी गळेना.

निघायच्या महिनाभर आधी तो आम्हाला शहराबाहेरच्या एका कड्यावर सरावाला घेऊन गेला. कड्याच्या अंगावर एक पट्टी होती, विटेच्या रुंदीची. तिच्यावरून आडवं सरकत जायचं. पुढे वाटाड्या, मध्ये मी, मागे साडू, तिघं एका दोरावर. वाटाड्या वळणापलीकडे दिसेनासा झाला आणि माझे हात थांबले. मी थांबवले नाहीत, त्यांचे ते थांबले. बोटं खडकात रुतली, गुडघे शिवणयंत्रासारखे चालू झाले आणि डोक्यात एवढंच उरलं की खाली पार्किंगमध्ये आमची पांढरी गाडी काडेपेटीएवढी दिसतेय.

पलीकडून वाटाड्याचा आवाज आला. दोर का थांबलाय?

मी काही बोलायच्या आत साडू ओरडला, "माझ्या पोटरीत गोळा आलाय. जरा थांबा."

मग तो माझ्या अगदी पाठीशी आला आणि हळू आवाजात बोलत राहिला. गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये एक नवरदेव कसा अडकला, ते सांगितलं. वीस मिनिटं गेली. नवरदेव सुटला आणि माझे हातही सुटले. खाली उतरल्यावर साडू थोडा लंगडला. डॉक्टरीणबाईंनी त्याची पोटरी चोळून दिली, मीठ-पाणी पाजलं, त्याने रोज केळी खायला हवीत असं ग्रंथपालाने सुचवलं. मी साडूची पिशवी उचलून घेतली. मदतच केली म्हणायची.

पुढच्या शनिवारी वाटाड्याने चिठ्ठ्या वाटल्या. ही त्याची जुनी रीत होती. ज्याच्याबरोबर एका दोराला बांधून घ्यायची तुमची तयारी नाही त्याचं नाव लिहा, खाली कारण लिहा, सही नको. कोणाबद्दल तक्रार नसेल तर चिठ्ठी कोरी ठेवा.

आता माझा तर्क ऐका. पाच माणसं, पाच चिठ्ठ्या. कड्यावर मी थांबलो हे साडूला माहीत होतं, आणि माझे गुडघे तर सरावाच्या पहिल्या दिवसापासून सगळेच बघत होते. म्हणजे माझं नाव एक-दोनदा येणार. दुसऱ्या कुणाच्याही नावावर एखादं मत पडलं तर निदान बरोबरी होईल. निवडणुकीत उमेदवार हेच करतात. ज्याला लोक खरोखर नाकारणार नाहीत, असं एखादं निरुपद्रवी नाव हवं होतं. मी साडूचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'ऐन वेळी पोटरीत गोळा येतो.'

वाटाड्याने आमच्यासमोरच चिठ्ठ्या उघडल्या. चार कोऱ्या होत्या.

पाचवी त्याने वाचली, घडी घातली आणि सांगितलं की दोरावर बहुमत चालत नाही. एकाचीही तयारी नसेल तर तो माणूस येत नाही. मग चिठ्ठ्या जुन्या डब्यात टाकून काडी लावली. तो दरवर्षी असंच करत असे.

साडूने मान हलवली. "लिहिणाऱ्याचं बरोबर आहे," तो म्हणाला. "वर जाऊन गोळा आला असता तर?" एवढं बोलून तो शिध्याच्या यादीकडे वळला, कारण ती त्याच्याकडे होती आणि अजून पुरी व्हायची होती.

जिना उतरताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. गोळ्याचं खरं काय ते कोणाला सांगू नकोस, तुझी जागा जाईल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्वतःचे बर्फातले हातमोजे घरी आणून दिले. महागाचे होते. त्याने ते घेतले तेव्हा मेव्हणी दोन दिवस बोलली नव्हती.

त्याला माझा संशय आला नाही, आणि यामागचा तर्क बिनचूक होता. चिठ्ठी लिहिणाऱ्याला गोळा खरा वाटत असला पाहिजे. गोळा खोटा आहे हे त्याच्याशिवाय जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. म्हणून तो एक माणूस सोडून बाकी कोणीही चिठ्ठी लिहिलेली असू शकत होती. वर्गात फळ्यावर मांडायला सुंदर उदाहरण होतं. मी मांडलं नाही. त्या आठवड्यात मी वर्गात फार काही मांडू शकलो नाही. फाटकाशी फलकावर माझं तोंड होतं, म्हणून मागच्या दाराने येजा करू लागलो. तिथला चौकीदार आदराने म्हणाला, "आत्तापासूनच आडवाटेचा सराव, सर?"

गुरुवारी मी एकटाच टायरच्या दुकानावरच्या खोलीत गेलो आणि वाटाड्याला कड्यावरचं सगळं सांगितलं. हात माझे थांबले होते, गोळा आलाच नव्हता, साडूने मला झाकलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. बराच वेळ दोराची गाठ सोडत बसला.

"त्याचं खोटंही मला आवडलेलं नाही," तो शेवटी म्हणाला. "पण त्या खोट्याला दोर बांधता येतो. तुमच्या खरेपणाला नाही. तो येईल, तुम्ही राहा."

मी बरं म्हणालो. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आणखी काही सांगायचंय? डबा खिडकीत होता, राख अजून त्यातच होती. मी म्हणालो, नाही.

अर्धं खरं बोलण्याचा एक फायदा असतो, उरलेलं अर्धं लोक स्वतःच भरतात, आणि चांगलं भरतात. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की मी साडूसाठी माझी जागा सोडली. मेव्हणी रडली. डॉक्टरीणबाईंचा फोन आला की अशी माणसं आता राहिली नाहीत. प्राचार्यांनी फलक उतरवला नाही. खाली 'त्याग' असा शब्द वाढवून घेतला. मी "छे छे, तसं काही नाही" म्हणत होतो. आयुष्यात एवढं खरं मी क्वचित बोललो असेन, आणि त्याला सगळे विनय म्हणत होते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी साडू आणि मेव्हणी आमच्याकडे जेवायला आले. जेवणानंतर बायका आत बसल्या. साडू बाल्कनीत बुटांना मेण चोळत होता. मी हातमोजे परत द्यायला गेलो, दिले, आणि उभाच राहिलो.

"साडू, ती चिठ्ठी माझी होती."

त्याचा हात थांबला नाही. टाचेपर्यंत चोळत गेला, मग बूट उलटा करून तळवा बघू लागला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, चार वेळा केला.

"ताईंना माहीत आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग नको सांगूस. उगाच घरात कटकट. मी काही बोलणार नाही."

मला हायसं वाटलं. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज त्या क्षणाची वाटते. चिठ्ठी भीतीपोटी लिहिली होती. हायसं वाटलं ते मात्र पुरत्या शुद्धीत.

मी आत गेलो. बायको बहिणीला सांगत होती की हा वरून असा रूक्ष, पण आतून काय आहे ते तिलाच माहीत. मेव्हणीने माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी पाहिलं. साडू एक बूट हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला होता आणि मान हलवून मला नको म्हणत होता.

मी सांगितलं. कड्यावरचं, चिठ्ठीतलं, डब्याच्या राखेसमोर नाही म्हणालो तेही. फार वेळ लागला नाही. एवढा मोठा गुन्हा चार-पाच वाक्यांत बसतो, याचंही मला वाईट वाटलं.

बायकोने ओढणीची कड सारखी केली आणि टेबलावरचा माझा कप उचलून नेला. त्यात अर्धा चहा होता. मेव्हणी नवऱ्याकडे बघत म्हणाली, "आणि तुम्ही यांना वीस मिनिटं गोष्ट सांगत बसलात." माझ्याकडे तिने बघितलंच नाही.

साडू माझ्यावर चिडला होता. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. "कड्यावर वीस मिनिटं काढून दिली तेव्हा घेतलीस ना गुपचूप?" तो म्हणाला. "आज जन्मभराची देत होतो."

"म्हणूनच," मी म्हणालो.

त्याने बूट या हातातून त्या हातात घेतला. उद्या स्टेशनवर सोडायला मी यायचं ठरलं होतं. तो म्हणाला, त्याने टॅक्सी सांगितली आहे. कधी सांगितली, ते मी विचारलं नाही. मग बूट उजेडाकडे धरून त्याची शिवण बघू लागला.

"मेण शिवणीत जात नाहीये," तो म्हणाला. "जुना दातांचा ब्रश असला तर बघ."

मी न्हाणीघरात गेलो. ब्रश समोरच होता. बाहेर यायला मला बराच वेळ लागला.