चादरीची दोन टोकं

"पूल झाला बघून. आता माणसं दाखव," वन्सं म्हणाल्या.

आम्ही दोघी नदीवरच्या पुलाच्या मधोमध उभ्या होतो. खालून पांढरी बोट चालली होती, पलीकडे घड्याळाचा मनोरा उन्हात चमकत होता, आणि माझ्या नणंदबाईंची पाठ या सगळ्याकडे. त्या समोरच्या इमारतीच्या खिडक्या न्याहाळत होत्या.

"इथली माणसं कपडे कुठे वाळत घालतात गं, वहिनी? एक दोरी दिसेल तर शपथ."

"घरातच, वन्सं. घडीच्या स्टँडवर."

"आणि घरात भांडण झालं, तर रुसून कुठे जातात?"

इतकी वर्षं मी या शहरात काढली, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. ह्यांना जाऊन वर्ष झालं तशा त्या विमानात बसून थेट माझ्याकडे आल्या. पहिल्या संध्याकाळी त्यांची बॅग उघडली, तर तिच्या आत आणखी एक बॅग. रिकामी.

"ही कशाला?"

"तुझं सामान न्यायला. दादा होता तोवर ठीक होतं. आता इथे कोण आहे तुझं?"

मी चहा ठेवायला उठले. पण तेव्हापासून मी त्यांना शहर दाखवत होते ते, मुलगी बघायला येणाऱ्यांना घर दाखवावं तसं. बाग दाखवली, वाचनालय दाखवलं, माझा नेहमीचा भाजीवाला दाखवला. त्याने ओळखीचं हसून मान हलवली तेव्हा मला कोण आनंद! वन्सं म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहेस, हसणारच."

पुलावरून मी त्यांना इस्पितळाच्या मागच्या दाराशी नेलं. इथल्या धुलाईखान्यात मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. आतून अजून तोच ओल्या, गरम कापडाचा वास येत होता.

"चादरींच्या घड्या घालायला दोघी लागतात," मी सांगितलं. "माझी जोडीदारीण इतकी उंच होती, की सगळ्या तिला मनोराच म्हणायच्या. तिने टोकं धरली की मी मागे सरकायचे, मग पुढे, मग पुन्हा मागे. बोलायची गरजच नसायची."

"कुठे असते ती आता?"

"मुलीकडे गेली म्हणे."

"तिच्या घरी गेली होतीस कधी?"

"नाही."

"मग कुणाच्या गेलीस?"

"इथे असं कुणी उठून कुणाकडे जात नाही, वन्सं. आधी विचारावं लागतं."

"बरं. मग विचारलंस कधी?"

परत येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि मी मांडीवरच्या पर्सचा बंद उगाच गुंडाळत राहिले. हरल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दाखवायला माझ्याकडे फक्त वस्तुसंग्रहालय उरलं होतं.

जिना चढून आलो. मी किल्ली शोधत होते, तर वन्सं शेजारच्या दारापुढे थांबलेल्या.

"इथे कोण?"

"एक बाई. एकट्याच असतात. माझ्याच वयाच्या."

"नाव काय?"

"आडनाव आहे ना पाटीवर."

"म्हणजे तूही वाचलंसच फक्त. अगं, जनगणनेला गावभर कड्या वाजवत हिंडलेय मी. कुत्रं सोडलं लोकांनी अंगावर, तरी आत जाऊन माणसं मोजून आले," असं म्हणत त्यांनी बेल दाबलीसुद्धा.

"वन्सं!"

दार उघडलं. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, अशा शेजारीणबाई उभ्या. वन्संनी हात जोडले आणि खणखणीत मराठीत म्हणाल्या, "नमस्कार. मी हिची नणंद. तुमचं घर बघायला आलेय."

शेजारीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या भाषेत म्हणाले, "माफ करा, चुकून बेल वाजली."

त्यांनी एकदा वन्संचे जोडलेले हात बघितले आणि दार सताड उघडलं. "चुकून तर चुकून. या ना."

आत माझंच घर होतं, फक्त उलटं. डावीकडचं स्वयंपाकघर उजवीकडे, उजवीकडची खिडकी डावीकडे. वन्संना तर खजिनाच सापडला. "विचार, हा फोटो कुणाचा? विचार, या खुर्चीवरचं विणकाम हिनेच केलंय का?" मी विचारत होते, सांगत होते, आणि शेजारीणबाई दोन्ही चष्मे आलटून पालटून लावत एकेक वस्तू काढून दाखवत होत्या.

मग त्याच म्हणाल्या, "मलाही एक विचारायचंय. फार वर्षं राहून गेलंय. रोज सकाळी तुमच्याकडे शिट्टी कसली वाजते?"

"कुकर," मी म्हणाले. हातांनी झाकण, वाफ, सगळं करून दाखवलं.

"अगबाई! मला वाटायचं, तुमचे यजमान एखादं इंजिन बनवताहेत!"

वन्संना सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "दादाला खिळा ठोकता येत नव्हता धड!"

शेजारीणबाईही हसल्या, आणि मग म्हणाल्या, "मागच्या हिवाळ्यात काही दिवस शिट्टी वाजली नाही."

"ताप होता मला."

"मी आले होते तुमच्या दाराशी. बेलवर बोटही ठेवलं होतं. मग वाटलं, तुम्हाला आवडायचं नाही."

"काय म्हणते?" वन्संनी विचारलं. मी सांगितलं.

कोपऱ्यातल्या स्टँडवर वाळलेली चादर होती. हाताच्या सवयीने मी तिची दोन टोकं उचलली. शेजारीणबाईंनी दुसरी दोन धरली. त्या चुकीच्या बाजूला वळल्या, मी मानेनं खुणावलं, त्या सरळ झाल्या.

"मी हनुवटीखाली धरते," त्या म्हणाल्या. "तरी एक टोक लोळतंच."

"मी दाराच्या कडीत अडकवते. आधी हे धरायचे."

"काय बोलताय गं?"

"चादरीचं, वन्सं."

निघायच्या दिवशी वन्संनी रिकामी बॅग स्टूलावर चढून माझ्या कपाटावर ठेवली. "राहू दे इथेच. भरावीशी वाटली, तर कळव. मी न्यायला येईन."

"आणि नाहीच वाटली तर?"

"तर तुझ्या त्या शेजारणीला दे. तिच्याकडे सामान फार आहे."

विमानतळाच्या काचेपलीकडे गेल्यावर त्या एकदाच वळल्या, आणि बेल दाबावी तसं बोट हवेत दाबून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी घर नको इतकं शांत होतं. मी एकटीपुरता मूठभर तांदूळ घेऊन कुकर लावला. शिट्टी झाली. गॅस बंद करते न करते तोच बेल वाजली.

दारात शेजारीणबाई. हातावर धुतलेली, चुरगळलेली चादर.

"नणंदबाई गेल्या?"

"गेल्या."

मी पदराला हात पुसले. आत जायचं राहूनच गेलं; आम्ही दोन दारांमधल्या मोकळ्या जागेतच उभ्या राहिलो. त्यांनी टोकं धरली. मी माझी दोन घेतली आणि पाठ माझ्या दाराला टेकेपर्यंत मागे सरकले.