अनुभवाचा दाखला

मंचरला खतांच्या दुकानावरच्या खोलीत तीन संगणक होते, एक कुरकुरणारा पंखा होता आणि भिंतीवर आपण जग बदलतोय असं इंग्रजीत लिहिलं होतं. त्या भिंतीखाली बसून यशोधरा दोन वर्षं टोमॅटो बघत होती. शेतकरी शेतातून क्रेटचा फोटो काढून 'माळवं' नावाच्या ॲपवर टाकायचा. तो इथं पडद्यावर यायचा, यशोधरा अ, ब नाहीतर क अशी प्रत दाबायची, कधी 'क्रेट सावलीत घ्या, मग फोटो काढा' असं लिहायची आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर उमटायचं, 'कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासले'. ही कृत्रिम बुद्धिमत्ता रोज सकाळी अवसरी खुर्दहून वडापच्या जीपनं यायची आणि डब्यात भाकरी-मेथी आणायची.

कंपनी पुण्याच्या शौर्यची. त्याला सर म्हटलेलं चालायचं नाही. "आपण फॅमिली आहोत, अरे-तुरे करायचं," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं आणि लगोलग तिचं नाव तोडून 'यश' करून टाकलं. आजोबांनी विचार करून ठेवलेलं नाव होतं ते. "तुम्हा गावाकडच्या लोकांना फळांची नॅचरल समज असते," असंही तो म्हणाला होता. इंजिनिअर झालेली यशोधरा त्यावर हसली होती. पुढं ते हसू आठवलं की तिला शौर्यपेक्षा स्वतःचाच जास्त राग यायचा.

दर सोमवारी तो कॉलवर करिअरचे धडे द्यायचा. झोप कमी करा, धोका पत्करा, पगाराकडं बघणारा कधी मोठा होत नाही. हे सांगताना त्याच्या पाठीमागं वडिलांच्या बंगल्यातला माळी गुलाबांना पाणी घालताना दिसायचा.

आणि तरी यशोधरा त्या बोलण्याला भुलली. एवढंच नाही, तिनं ते इतरांना विकलं. टीम लीड झाल्यावर तिनं वर्गातली समृद्धी आणली आणि चुलतभाऊ कपिलला आणलं. कपिल चाकणच्या कारखान्यात होता, वर्षभरात कायम होणार होता. "नट आवळून काय मिळणार तुला? इथं एआयमध्ये नाव होईल," असं तीच त्याला म्हणाली होती.

ॲपच्या मदतीचा नंबर म्हणजे यशोधराचाच मोबाइल. एकदा दुपारी पिंपळवंडीच्या सयाजींचा फोन आला. साठीचा माणूस, तीन एकर टोमॅटो.

"ताई, एक वाजला की तुमचं मशीन अर्धा तास गप्प. रोजचंच हाय. जेवायला जातं का काय?"

समोर समृद्धीच्या हातातला घास तसाच राहिला. शौर्यनं शिकवून ठेवलेलं उत्तर यशोधरानं दिलं, "सर्व्हरचं काम चालू असतं काका."

"असू द्या, असू द्या. सर्व्हरला म्हणावं, सावकाश जेव."

एका गुरुवारी सकाळी शौर्यचा फोन आला. आवाजात उत्साह उतू चाललेला. मोठे गुंतवणूकदार मिळाले होते.

"यश, गुड न्यूज. तुम्ही तपासलेल्या फोटोंवर आपलं खरं मॉडेल तयार झालंय. सो, मंचर सेंटर आपण सनसेट करतोय."

"म्हणजे बंद?"

"बंद म्हणायचं नाही. सनसेट. तू पुण्याला ये, तुझी जागा आहे. बाकीच्यांना आजच सांगून टाक. काय बोलायचं ते पाठवलंय मी."

मेसेजमध्ये एक पानभर मजकूर होता. मंचर सेंटर सनसेट होत आहे. हा शेवट नसून नव्या प्रवासाची सुरुवात आहे. तुम्ही कुठंही गेलात तरी या कुटुंबाचे सदस्य आहात. यशोधरानं तो शेवटपर्यंत वाचला. माणसाला कामावरून काढायचं तर निदान समोर येऊन काढावं. त्यासाठीही याला गावची मुलगी हवी होती.

तिनं मजकूर वाचून दाखवला नाही. दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, "ऑफिस बंद होतंय. आपल्या फोटोंवर मशीन शिकलं, आता आपली गरज नाही."

समृद्धी रडायला लागली. कपिल खुर्चीत मागं रेलला.

"आन् तुझं काय?"

"मला पुण्याला बोलावलंय."

"मग जा की. सूर्यास्त बघायला आमी हाय हितं." मेसेज त्यानं तिच्या खांद्यावरून आधीच वाचला होता.

शनिवारी शौर्य आला, संगणक न्यायला. बरोबर कॅमेरेवाला होता. 'सुरुवात जिथून झाली' असा व्हिडिओ करायचा होता. त्यानं अनुभवाचे दाखले टेबलावर ठेवले. यशोधरानं वरचा उचलला. त्यावर लिहिलं होतं, 'कार्यालयीन मदतनीस'.

"हे काय? आम्ही काय चहा आणत होतो?"

"यश, समजून घे. मॉडेल पहिल्या दिवसापासून चालू आहे असं आपण इन्व्हेस्टरना सांगितलंय. तुम्ही टोमॅटो तपासले असं लिहून दिलं, तर मॉडेलनं काय केलं म्हणतील?"

"काय केलं?"

शौर्य मनापासून हसला. "शार्प आहेस. म्हणून तर तुला घेतोय. मग तुला दाखला हवाय कशाला?"

"मी येत नाहीये. आणि माझं नाव यशोधरा आहे. दोन वर्षांत तुम्ही ते एकदाही पूर्ण घेतलं नाही."

त्या 'तुम्ही'नं तो किंचित दचकला. फार नाही. घड्याळात बघून म्हणाला, "इमोशनल होऊ नकोस. बरं, जाण्याआधी एक मिनिट कॉम्प्युटरसमोर बसतेस? लाइट मस्त आलाय."

यशोधरानं त्याच्याकडं बघितलं. त्याला लाज वाटत नव्हती, कारण आपलं काही चुकलंय हे त्याला खरंच कळलं नव्हतं. असल्या माणसाशी भांडायचं तरी काय? तिनं डबा उचलला आणि जिना उतरली. समृद्धीनं आपला कागद घेतला; घरी काहीतरी दाखवायला हवं होतं. कपिल आलाच नव्हता.

घरी आईनं, जानकाबाईनं, सगळं ऐकून घेतलं. तिनं उमेदीची वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात टोमॅटो निवडले होते.

"आमाला दिसभर वाकून मजुरी मिळायची, नाव न्हाई," ती म्हणाली. "तू खुर्चीत बसून त्येच केलंस, यशे. खुर्चीला भुललीस."

यशोधरानं डबा घासायला घेतला.

पुढं तीन महिने ती पुण्यात मुलाखती देत फिरली. कुठलं मॉडेल बनवलं, असं विचारत. बनवलं म्हणावं तर खोटं, आणि मीच मॉडेल होते म्हणावं तर समोरचे हसत. एका गुळगुळीत दाढी केलेल्या पोरानं निकाल दिला, "म्हणजे डेटा एंट्री." ती उठून बाहेर आली.

मग सयाजींचा फोन आला. "ताई, ते ॲप आता उन्हानं भाजलेल्या मालालाबी अ देतंय. व्यापारी क्रेट माघारी धाडतोय. तुमी कुटं गेला?"

यशोधरानं सगळं खरं सांगितलं. सर्व्हरचंही.

"मला ठावं व्हतं," सयाजी म्हणाले. "क्रेट सावलीत घ्या, मग फोटो काढा, असं मशीन कधी सांगतं व्हय? माणूस हाय म्हणूनच टिकलो राव त्यावर."

नारायणगावजवळ गेणभाऊंचं पॅकहाऊस आहे, तिथं माल पारखणारं माणूस हवंय, असं त्यांनीच सांगितलं. गेणभाऊंनी शिक्षण विचारलं नाही. क्रेट टेबलावर ओतलं आणि म्हणाले, "निवडा." यशोधरा निवडत गेली. एक लालभडक फळ तिनं बाजूला टाकलं.

"ह्ये का?"

"देठाजवळ मऊ पडलंय. दोन दिवस टिकणार नाही."

गेणभाऊंनी फळ दाबून बघितलं. "आधीच्यानं, कागदं व्हती त्याच्याकडं ढीगभर, असला माल मुंबईला धाडला माझा. सोमवारपासून या."

रजिस्टरात तिचं पूर्ण नाव आणि 'प्रतवारी तपासनीस' असं लिहिलं गेलं. काम थकवणारं होतं, इंजिनिअरचं नव्हतं, हे तिला माहीत होतं. पण फळ खराब म्हटलं की ते तिनं म्हटलेलं असायचं.

एका सकाळी मंचरच्या स्टँडवर कपिल भेटला. चाकणच्याच कारखान्यात पुन्हा लागला होता, पण ठेकेदाराकडून. जुनी जागा गेली होती. त्यानं मोबाइल पुढं केला. शौर्यनं लिहिलं होतं, 'गावातल्या एका मुलीनं मला निष्ठा शिकवली'. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग.

"उत्तर टाकलंस?"

"त्याला उत्तर द्यायचीसुद्धा किळस येते मला."

"भिलीस."

"थोडं तेही असेल." मग ती म्हणाली, "तुझी नोकरी मी घालवली, कपिल."

"घालवलीस," कपिल म्हणाला. त्यात राग नव्हता, माफीही नव्हती. चाकणची गाडी लागली तशी बॅग उचलून तो गर्दीत शिरला. यशोधरा गाडी सुटेपर्यंत थांबली. त्यानं खिडकीतून बघितलं नाही. मग ती नारायणगावच्या गाडीकडं गेली.