निळ्या ड्रेसच्या सहा शिवणी

"कंबरेत घे जरा. ढगळ झालाय," म्हणत लेकीने निळा ड्रेस शिलाई मशीनवर ठेवला.

"अंगात हाडं उरली नुसती, ड्रेस बिचारा काय करील?" टेलरबाईने चाक थांबवलं. गल्लीत तिच्या जिभेला कात्री म्हणत. सत्तरीतही ती बिनचष्म्याने सुई ओवायची आणि चारचौघींना ते ऐकवायची.

लेक सतरा वर्षांची असताना तिची पाळी चार-चार महिने येईना. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, "अंडाशयात गाठी आहेत. हे नुसतं पाळीचं दुखणं नव्हे. पुढे साखर चढते, रक्तदाब चढतो. वर्षातून एकदा रक्त तपासा. आणि कंबरेत कपडे घट्ट व्हायला लागले, की लगेच घेऊन या."

टेलरबाईच्या डोक्यात एवढंच शिरलं, की पोरीचं लग्न अवघड. वाटेतच तिने बजावलं, "कुणापुढे चकार शब्द काढायचा नाही." रक्त तपासायचं राहिलं ते राहिलंच.

लग्न काही जमलं नाही. लेक नकाशे काढायच्या कचेरीत लागली. पहिल्या पगाराला टेलरबाईने हा ड्रेस शिवला, आत शिवणीला दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवून. पोरीची कंबर सुटत चालली, तशी ती कचेरीत गेली की आई शिवण उसवायची, पाव इंच बाहेर सरकवून पुन्हा घालायची, इस्त्री करून होता तिथे अडकवायची. लोकांनी नावं ठेवू नयेत, पोरीने आरशापुढे रडू नये, म्हणून. सगळ्याच कपड्यांचं तसं.

"माझ्या हातचं कापड बारा वर्षं अंगाला बसतं," हे वर गल्लीभर सांगून झालं.

मग एक दिवस लेकीला नकाशातल्या रेघा वाकड्या दिसायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं नि म्हणाले, "साखर आठ-दहा वर्षांची असणार. पडदा गेलाय. कपडे घट्ट झाले नाहीत कधी?"

"नाही हो. जुना ड्रेससुद्धा अजून बसतो मला."

शेजारच्या स्टुलावर टेलरबाई फरशी बघत बसली होती.

आता नजर गेल्याने नोकरी सुटली होती, साखरेने अंगही झडलं होतं. लेकीने ड्रेस उलटा करून शिवण चाचपली. बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं.

"आई, ही भोकं कसली? ओळीने आहेत."

जुनं कापड, विरलंय, असं म्हणता आलं असतं. टेलरबाईने लेकीचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं.

"ही मूळची. तू नोकरीला लागलीस तेव्हाची. ही दोन वर्षांनी." बोट पाव-पाव इंच सरकत गेलं. "मग ही. ही तुझ्या मैत्रिणीच्या लग्नाआधी घातली." सहाव्या ओळीवर तिने हात सोडला. "सातवी आत्ता आहे ती."

लेक बराच वेळ ओळी चाचपत राहिली.

"मी तुला दर वर्षी विचारायचे, जाड झाले का गं," ती म्हणाली. "तू म्हणायचीस, ड्रेसला विचार."



लेक उठली. दोन्ही हात बाजूला करून उभी राहिली. "घे माप. आकडा मोठ्याने सांग."

टेलरबाईने गळ्यातली पट्टी काढून लेकीच्या कंबरेभोवती आणली. आकडा तिला बिनचष्म्याने स्पष्ट दिसत होता.